अवघड जागेचं दुखणं: साठीनंतर स्तनांची तपासणी, घरच्या आरशापासून हॉस्पिटलच्या फाइलपर्यंत

आमच्या आत्याने सात महिने घरात कोणाला काही सांगितलं नाही. आंघोळीला साबण लावताना डाव्या बाजूला चिंचोक्यासारखं काहीतरी हाताला लागलं ते गणपतीच्या आसपास, आणि आम्हाला कळलं एप्रिलमध्ये, नातीचं लग्न उरकून मांडव उतरल्यावर. का नाही बोललीस विचारलं तर म्हणे दुखत नव्हतं गं, आणि घरात मुलगा, जावई, नातू, कोणाला जाऊन सांगू छातीला गाठ आलीये म्हणून. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण आपण हसत हसत वापरतो, तर आत्याचा जावई खरोखरच डॉक्टर आहे, दातांचा का असेना.

गाठ कॅन्सरची निघाली. तेव्हा आत्या ६८ वर्षांची होती. आता बरी आहे, गोळी चालू आहे, कुरकुर पण चालू आहे. त्या धावपळीत जे काही कळलं, कुठे चुकलो, काय आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, फाइल घेऊन मागे पळणारी भाची आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा. आणि आई-सासूला लिंक पाठवून मोकळे होऊ नका, त्या उघडत नाहीत, शेजारी बसून वाचून दाखवा.

आधी ते "या वयात काय होतंय" डोक्यातून काढा

पाळी गेली, पोरं अंगावर पाजून झाली, घराण्यात कोणाला नाही, म्हणजे आपण सुटलो असं बहुतेकींना वाटतं. खरं तर उलटं आहे. बाई असणं आणि वय वाढणं हीच स्तनांच्या कॅन्सरची सगळ्यात मोठी दोन कारणं आहेत, आणि ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो. अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो हे खरं, पण कमी होतो, संपत नाही. पाळी लवकर सुरू होऊन उशिरा गेली असेल, मूल झालंच नाही किंवा तिशीनंतर झालं, पाळी गेल्यानंतर वजन चांगलंच वाढलं, हार्मोनच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या, आई-बहीण-मुलीला झाला असेल, तर जरा जास्त सावध राहायचं. काळी ब्रा घातल्याने, पदरात मोबाइल ठेवल्याने, नातवाचं डोकं लागल्याने कॅन्सर होत नाही. मार लागतो तेव्हा आपण तिथे हात लावून बघतो आणि आधीपासूनची गाठ तेव्हा सापडते, एवढंच.

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच पहिल्या नंबरवर आहे, २०२२ चा अंदाज साधारण १ लाख ९२ हजार नवीन पेशंट आणि ९८ हजार मृत्यू असा आहे. म्हणजे जेवढ्यांना होतो त्याच्या निम्म्याएवढे मृत्यू, आणि त्यामागे एक मोठं कारण हेच की आपल्याकडे बायका उशिरा येतात.

आता एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ या वयातल्या बायकांची स्तनांची तपासणी होते, पाच वर्षांतून एकदा, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात आणि आरोग्य केंद्रात बोलावतात. पण पासष्टीनंतर काय? यादीत नाव नाही. म्हणजे ज्या वयात धोका आहेच त्या वयात तुम्हाला बोलवायला कोणी येणार नाहीये, आपणच उठून जायचं आहे. इंग्लंडमध्ये सुद्धा मॅमोग्रामचं (स्तनांच्या एक्स-रेचं) बोलावणं ७१ व्या वर्षापर्यंतच येतं, त्यानंतर बाईने स्वतः फोन करून मागायची, तेव्हा तिकडे मुलाकडे कायम राहायला गेलेल्या आयांनी पण हे लक्षात ठेवा.

पायरी पहिली: महिन्यातला एक दिवस ठरवा

पाळी चालू असणाऱ्यांना पाळी सुरू झाल्यापासून सात-दहा दिवसांनी बघा असं सांगतात. तुमची पाळी गेलेली आहे, त्यामुळे कुठलाही दिवस चालतो, फक्त तो ठरलेला पाहिजे नाहीतर राहूनच जातं. आत्याने संकष्टी धरलीये. चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं म्हणे. माझी आई पेन्शन जमा होते त्या दिवशी करते. तुम्ही वीजबिलाचा दिवस धरा, काय फरक पडतो.

पायरी दुसरी: आधी डोळ्यांनी, मग हातांनी

बाथरूममधल्या झिरोच्या बल्बमध्ये हे होणार नाही. खोलीचं दार लावा, दिवसा उजेडात, चष्मा लावा (हो, चष्मा, आत्या सहा महिने बिनचष्म्याची बघत होती), आरशासमोर कंबरेपर्यंत उघडं उभं राहा. लाज वाटते, पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते, आपल्यातल्या कित्येकींनी स्वतःकडे असं चाळीस वर्षांत बघितलेलं नसतं.

हात खाली सोडून बघा. मग दोन्ही हात वर करून. मग हात कमरेवर ठेवून जोरात दाबून, म्हणजे छातीचे स्नायू ताठ होतात आणि कातडी कुठे आत ओढली जात असेल तर दिसते. मग थोडं पुढे वाकून. काय बघायचं, तर कुठे खळी पडलीये का, संत्र्याच्या सालीसारखी जाड छिद्रं-छिद्रंवाली कातडी झालीये का, बोंड आत ओढलं गेलंय का (जन्मापासूनच आत असेल तर गोष्ट वेगळी, नव्याने गेलं असेल तर), बोंडावर खपली किंवा खाज जी मलम लावूनही जात नाहीये, लाली, सूज. दोन्ही बाजू थोड्या लहानमोठ्या असतात सगळ्यांच्याच, त्याने घाबरू नका, आधी नव्हतं ते आता दिसतंय का एवढंच बघायचं.

वयाने स्तन ओघळतात, मग त्याच्या खालच्या घडीत घाम साचून खाज, बुरशी होते, त्यामुळे बायका तो भाग बघतच नाहीत. उचलून बघा. कोरडं पुसा. तिथली खाज बहुतेकदा बुरशीचीच असते आणि औषधाने जाते, पण दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायचं.

आता हात. उताणं झोपा, ज्या बाजूचं तपासायचं त्या खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल, तो हात डोक्याखाली. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं, टोकं नाही, बोटांच्या पेरांचा सपाट भाग. रुपयाच्या नाण्याएवढे छोटे गोल फिरवायचे, एकाच जागी आधी हलकं, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत दाबून. असं काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, गळ्याच्या हाडापासून खालच्या घडीपर्यंत, नांगराचे तास जसे ओळीने वर-खाली पडतात तसं, कुठे पट्टा सुटला नाही पाहिजे. मग हात सैल सोडून काखेत खोल. काखेत गाठ लागणं हे बऱ्याचदा बायकांना "केस काढल्याने झालं" वाटतं. असेलही, पण दोन आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टर.

ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत त्यांनी आंघोळीत साबणाच्या हाताने करा, हात सरकतो, सपाट तळव्याने सुद्धा बरंच कळतं. खालच्या घडीपाशी एक कडक कड लागते ती नॉर्मल असते. बरगडी पण गाठीसारखी लागते, मी स्वतः एकदा बरगडीला घाबरून दोन रात्री जागले आहे. दोन्ही बाजूंना सारखंच लागत असेल तर बहुतेक शरीराची ठेवणच ती.

बोंड पिळून बघायची गरज नाही. पण ब्लाउजच्या आत किंवा ब्रावर डाग पडतोय का बघा, विशेषतः एकाच बाजूने, रक्ताचा किंवा पाण्यासारखा. हे कपडे धुणाऱ्या बाईला आधी कळतं बरं का. आणि ज्या आजी अंथरुणाला आहेत, विसरभोळ्या झाल्यात, त्यांना आंघोळ घालणाऱ्या सुनेला, मुलीला, कामाच्या मावशीला सांगून ठेवा की असं असं काही दिसलं तर बोला. त्या बघत असतात, बोलायचं की नाही ते त्यांना कळत नाही.

पण स्वतःच्या हातावर थांबू नका

इथे मी जरा लोकांच्या विरोधात बोलणार आहे, कारण ऑक्टोबर आला की गुलाबी रिबिनी लावून "स्वतःची तपासणी करा" एवढंच सगळीकडे चालतं. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, निम्म्यांना स्वतःची तपासणी नीट शिकवली, २००२ मध्ये निकाल आला आणि मृत्यू काही कमी झालेले नव्हते. म्हणजे बघू नका असं नाही, आपलं अंग आपल्याला माहीत पाहिजेच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहणं चूक.

त्याउलट आपल्या मुंबईचं उदाहरण. टाटा मेमोरिअलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांना ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या हाताने तपासलं. मशीन नाही, सुई नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला, पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, पण पन्नास आणि पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेल्या बायकांनाच या साध्या हाताच्या तपासणीचा फायदा झाला, आणि आपण म्हणतो या वयात काय करायचंय.

तर पायरी तिसरी: वर्षातून एकदा शिकलेल्या हाताकडून तपासून घ्या. लेडी डॉक्टर, गायनॅक, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, कोणीही ज्यांना ही तपासणी येते. बीपी-शुगरला जाताच ना दर तीन महिन्यांनी, तेव्हाच. डॉक्टर स्वतःहून म्हणणार नाहीत, त्यांनाही संकोच असतो, आपणच म्हणायचं, "डॉक्टर, छाती तपासून द्या, वर्षाची तपासणी करून घेतेय." पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टर आत थांबू द्या म्हणायचं, त्यात काहीच वावगं नाही.

पायरी चौथी: गाठ लागली, आता?

घाबरून रडारड नको आणि लपवालपवी तर मुळीच नको. तरुण मुलींना लागणाऱ्या गाठी बहुतेक साध्या असतात, पण पाळी गेल्यानंतर नव्याने आलेली गाठ ही तपासून साधी ठरेपर्यंत साधी समजायची नाही, हे आत्याच्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं. दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणारीच जास्त संशयाची असते. आत्याने मध्ये शेजारणीने दिलेला कुठलासा लेप दोन महिने लावला, गाठीला त्याचं काही नव्हतं, ती आपली वाढत होती.

सांगायचं कोणाला? घरातल्या एकाच माणसाला, जो बोलबोल न करता गाडी काढेल. पूर्ण खानदानाला नको, प्रत्येकाच्या मावससासूचा एक अनुभव असतो. जाऊ असेल, भाची असेल, खालच्या मजल्यावरची काकू असेल. मुलगा असला तरी चालतो हो, त्याला अवघडायला होईल पाच मिनिटं, आईला सात महिने होतं त्यापेक्षा बरं.

आठवड्याभरात डॉक्टर गाठायचे, लग्न-बारसं-अमेरिकेचं तिकीट बाजूला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जे उद्दिष्ट ठरवलं त्यात पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं आहे. कॅलेंडरवर खूण करा. गाव लहान असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला किंवा मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीला, कॅन्सर सर्जन जवळ असेल तर थेट तिकडे.

आणि एक कळकळीची सूचना. "छोटी आहे, काढून टाकू उद्या" असं कोणी म्हणालं तर थांबा. विचारा, आधी सुईने तुकडा काढून तपासणी का नाही? आमच्या ओळखीतल्या एकीची गाठ अशीच एका छोट्या दवाखान्यात काढली, तपासायलाही पाठवली नाही, नंतर पुन्हा सगळं उघडावं लागलं. आधी फोटो, मग सुई, मग निदान, मग ऑपरेशन, हा क्रम मोडायचा नाही. आणि शरीरातून काही काढलं तर ते लॅबला गेलंच पाहिजे आणि रिपोर्ट आपल्या हातात आलाच पाहिजे.

पायरी पाचवी: मॅमोग्राम

हा स्तनांचा एक्स-रे. दोन प्लेटांमध्ये स्तन काही सेकंद दाबतात, प्रत्येक बाजूचे दोन फोटो. दुखतं का, तर हो, चिमटा बसल्यासारखं, दहा-पंधरा सेकंद, वयाने स्तन मऊ झालेले असतात त्यामुळे आपल्याला तरुण मुलींपेक्षा कमी. आणि वयाचा अजून एक फायदा, आतली गच्च गाठाळ रचना जाऊन चरबी वाढते, त्यामुळे फोटो स्वच्छ येतो, गाठ सुटून दिसते. म्हातारपणाचं कौतुक करणारी ही एकच तपासणी असेल.

त्या दिवशी पावडर लावायची नाही! अंगाला, काखेत, कुठेच. डिओ, क्रीम पण नाही. पावडरचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि नको ती शंका येते. आमच्या पिढीच्या वरच्या बायकांना पावडरशिवाय घराबाहेर पडणं म्हणजे पाप, त्यामुळे आदल्या रात्री डबा लपवून ठेवा. मंगळसूत्र, चेन काढावी लागते, हे घरी आधीच सांगा म्हणजे तिथे ऐनवेळी वाद नको, आत्याने तिथल्या पोरीशी दहा मिनिटं हुज्जत घातली, शेवटी मी माझ्या पर्समध्ये देवाच्या डबीत ठेवलं. साडी-ब्लाउज सोयीचं, वरचं तेवढं काढता येतं. पाठीला पोक असेल, उभं राहवत नसेल, खांदा वर जात नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, बसूनही करता येतं. पेसमेकर असेल तर टेक्निशियनला सांगायचं. जुने मॅमोग्राम असतील तर फिल्म घेऊन जा, तुलना करायला फार उपयोगी.

गाठ नसताना नुसती तपासणी म्हणून करायचा तर पन्नाशीनंतर साधारण दोन वर्षांतून एकदा अशी बऱ्याच देशांची पद्धत आहे, पंचाहत्तरीनंतर बाकी तब्येत बघून डॉक्टरांशी बोलून. सोबत सोनोग्राफी सांगितली तर करून घ्या. पण हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राम नॉर्मल आला तर पेढे वाटू नका, काही गाठी त्यात दिसत नाहीत, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुई पर्यंत जायचंच.

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये "कॅन्सर मार्कर" म्हणून रक्ताची टेस्ट घुसडतात, सीए १५-३ वगैरे. सुरुवातीचा कॅन्सर शोधायला ती उपयोगाची नाही, नॉर्मल आली म्हणून सुटलो असं होत नाही. ते पैसे मॅमोग्रामला लावा.

पायरी सहावी: रिपोर्ट आणि सुई

रिपोर्टच्या तळाशी बाय-रॅड्स असं लिहून एक आकडा असतो. ० म्हणजे अजून फोटो पाहिजेत, नापास नाही. १ नॉर्मल. २ म्हणजे काहीतरी आहे पण साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं (आणि खरंच बघायचं, विसरायचं नाही). ४ म्हणजे संशय आहे, सुई लावा, यात बऱ्याच जणींचं काही निघत नाही. ५ म्हणजे दाट संशय. ६ आधीच सिद्ध झालेला. हा कॅन्सरचा स्टेज नव्हे, इथे फार गोंधळ होतो, आमच्याकडे बाय-रॅड्स ४ वाचून "चौथी स्टेज" म्हणून अर्ध्या घराने जेवण सोडलं होतं.

सुई म्हणजे बायॉप्सी, ट्रूकट म्हणतात तिला. जागा बधिर करून गाठीचे दोऱ्यासारखे तुकडे काढतात, त्याच दिवशी घरी. "हत्यार लागलं की पसरतो" हे आत्यानेही ऐकवलं आणि गावाकडून आलेल्या तीन जणांनीही ऐकवलं. सुईने पसरत नाही. पसरतो तो थांबून राहिल्याने. रक्त पातळ करायची गोळी, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल असं काही चालू असेल तर आधी सांगा आणि आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील काय ते. सगळ्या गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा.

कॅन्सर निघाला तर त्या तुकड्यावर ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतोय का ते कळतं) आणि हर-टू (एका प्रोटीनची) या तीन टेस्ट झाल्यात का बघा, पुढचं सगळं औषध त्यावर ठरतं. आणि लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तो तुकडा) मागून घ्या, दुसऱ्या हॉस्पिटलला गेलात तर पहिल्यांदा तोच मागतात. आम्हाला माहीत नव्हतं, परत एकदा दीडशे किलोमीटर.

"तिला सांगू नका"

हे जवळपास प्रत्येक घरात होतं. रिपोर्ट आला की पोरं कुजबुजायला लागतात, आईला सांगू नका, ती खचेल. अहो तिचं शरीर आहे. नवरा गेल्यावर एकटीने पोरं वाढवलेली बाई आहे ती, तिला कॉरिडॉरमधली कुजबुज कळत नाही का. आत्या आम्हाला म्हणाली, तुम्ही तोंडं पाडून फिरताय म्हणून जास्त भीती वाटतेय. सांगा. तिच्यासमोर डॉक्टरांशी बोला. तिला ऑपरेशन नको असेल तर ते का हे तिच्याकडून ऐका, कधी कधी ते "मुलाला खर्च नको" एवढंच असतं.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, पांढरं असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. ७० च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, आधारवर निघतं, आजारी पडायच्या आधीच काढून ठेवा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसलेले असतात, अॅडमिट व्हायच्या आधी त्यांना भेटा, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा, माहेरचं-सासरचं नाव, स्पेलिंग यातच आमचे चार दिवस गेले. उपचाराला जायला कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे तिकिटात सवलत आहे, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यायचा. एसटीत ७५ च्या पुढे तसाही प्रवास फुकट आहे.

उपचार: वय बघून हात आखडू देऊ नका, आणि उगाच भरडूही देऊ नका

वयस्कर बायकांमधले बरेचसे कॅन्सर हार्मोनवर वाढणारे असतात, म्हणजे ईआर पॉझिटिव्ह, त्यांना हार्मोन रोखणाऱ्या रोजच्या एका गोळीचा चांगला उपयोग होतो, निदान पाच वर्षं. प्रत्येकीला किमो लागत नाही. प्रत्येकीचं पूर्ण स्तन काढत नाहीत, गाठ लहान असेल तर तेवढीच काढून मग रेडिएशन, आत्याचं तसंच झालं, रेडिएशन तीन आठवडे, रोज जाऊन यायचं, मशीनखाली पाच-दहा मिनिटं. पासष्टी-सत्तरीच्या पुढे गाठ लहान, काखेत काही नाही आणि गोळी चालू राहणार असेल तर कधी कधी रेडिएशन टाळताही येतं, विचारून बघा. हृदय फारच कमजोर, भूल झेपणार नाही अशा आजींना नुसत्या गोळीवरही ठेवतात. म्हणून प्रश्न असे विचारा: हे केल्याने किती फायदा, न केल्याने काय होईल, तिच्या बीपी-शुगर-हृदयाचं काय, आणि यातलं कमी त्रासाचं काही आहे का. "आता वय झालं, कशाला त्रास देता" हे नातेवाइकांनी ठरवायचं नसतं.

दुसरं मत घ्यायला लाजू नका, डॉक्टर रागवत नाहीत, रागावले तर दुसऱ्या मताची खरंच गरज आहे.

नंतरचं

लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, सांधे दुखतात. हाडांचा डेक्सा स्कॅन करून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सांगण्याने, रोज चालणं, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. टॅमॉक्सिफेनची गोळी असेल आणि अंगावरून थोडंही रक्त गेलं तर लगेच फोन. सांधे दुखतात म्हणून गोळी आपली आपण बंद करणाऱ्या खूप असतात, आत्यानेही तीन आठवडे केली होती चोरून, पाकीट मोजलं तेव्हा सापडली. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, जमली.

हात वर जायला भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम, रोज एक इंच वर, पेन्सिलची खूण करायची. काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या हाताला सूज येऊ शकते, तो हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली की दाखवा, म्हणून बांगडी ही चांगली खूण आहे. पूर्ण स्तन काढलं असेल तर ब्लाउजच्या आत खिसा शिवून त्यात कापसाची किंवा विणलेली मऊ भर घालतात, नुसतं दिसण्यासाठी नाही, एका बाजूचं वजन गेलं की खांदा आणि पाठ धरते. आमच्या शिंपीणबाईंनी पहिल्या झटक्यात शिवून दिला, काही विचारलं नाही.

पहिली दोन-तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम, दुसऱ्या बाजूचाही.

एकटीने जायचा धीर होत नसेल तर चारजणी मिळून करा. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्याने ओळखीच्या सिस्टरबाईंना बोलावलं, आतल्या खोलीचा पडदा लावला, आणि आलेल्या बायकांना एकेक करून आत पाठवलं. अकरा जणी तपासून घेऊन गेल्या, चार जणी "पुढच्या वर्षी" म्हणाल्या, एकीला सोनोग्राफीला पाठवलं, पाण्याची गाठ निघाली. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या.